हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल : अधिक रंजक कोणता?



आयर्लंडमध्ये एक वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे तेथील दोन जुने देशी खेळ. त्यांपैकी पाहण्यास अधिक रंजक कोणता, असा हा वाद आहे. वरवर पाहता हा फावल्या वेळच्या गप्पांचा विषय वाटेल. तथापि अलीकडे याच प्रश्नापायी एका खेळाचे नियम बदलावे लागले. म्हणून त्याचा थोडा गांभीर्याने विचार करावा, असे मला वाटते.

प्रथम दोन्ही खेळांचे सामायिक अंग पाहू. १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी काउंटीतील थर्ल्स या गावी मायकेल क्युसॅक, मॉरिस डेव्हिन आणि त्यांचे काही सहकारी एकत्र जमले व त्यांनी गेलिक ॲथलेटिक असोसिएशनची स्थापना केली. त्या वेळी आयर्लंडवर ब्रिटिशांचे राज्य होते आणि इंग्रजी खेळ तेथे जम बसवीत होते. आपले खेळ जगले पाहिजेत, हा संस्थापकांचा हेतू होता. या संस्थेने दोन्ही खेळांना नियमांची चौकट दिली. दोहोंचे मैदान एकच आणि प्रत्येक बाजूचे खेळाडूही पंधराच. मैदानाच्या दोन्ही टोकांना उंच खांबांची जोडी असते व तिला मध्यावर आडवी दांडी जोडलेली असते. चेंडू दांडीवरून गेला तर एक गुण, दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल. आणि एका गोलाचे तीन गुण. मोठमोठे सामने ऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये होतात. पण खेळाडूंना खेळण्याचे वेतन मिळत नाही.

मग फरक कोठे आहे? हर्लिंगमध्ये ॲश वृक्षाच्या लाकडाची, टोकाशी रुंद व चपटी अशी काठी असते. चेंडू साधारणपणे क्रिकेटच्या चेंडूएवढा, परंतु वजनाने हलका. जमिनीवरचा चेंडू हाताने उचलता येत नाही. तो काठीनेच उचलावा लागतो. हातात धरून चार पावलांहून अधिक जाता येत नाही. मात्र काठीच्या पात्यावर तोलून हवे तितके धावता येते. आपल्याकडच्या हॉकीत चेंडू बहुतेक वेळ जमिनीलगत असतो; हर्लिंगमध्ये तो बहुतेक वेळ हवेत असतो, आणि हवेतल्या त्या चेंडूवर दोन-तीन काठ्या एकाच वेळी उगारल्या जातात. २०१० पासून सर्वांनाच शिरस्त्राण सक्तीचे झाले आहे, यावरून धोक्याची कल्पना यावी.

गेलिक फुटबॉलमध्ये चेंडू मोठा असतो. तो हातात घेता येतो. पण दर चार पावलांनंतर एकदा जमिनीवर आपटावा लागतो किंवा पायाच्या चवड्याने उडवून पुन्हा हाती घ्यावा लागतो. सोबत्याकडे तो लाथेने वा मुठीने द्यायचा असतो.

या दोन खेळांची तुलना पूर्वी राज्यकर्त्यांनीही केली होती. १५२७ मध्ये गॉलवे शहराच्या एका कायद्याने काठीने लहान चेंडू मारण्याचा खेळ मना केला. मोठ्या चेंडूचा खेळ मात्र चालू ठेवू दिला.

आता रंजकतेकडे वळू. हर्लिंगचे पुरस्कर्ते प्रथम आकडे पुढे करतात. २०२४ च्या हर्लिंगच्या अखिल आयर्लंड अंतिम सामन्यात क्लेअरने ३ गोल व २९ गुण केले, कॉर्कने १ गोल व ३४ गुण. म्हणजे जादा वेळ खेळूनही ३८ विरुद्ध ३७! याउलट २०११ च्या फुटबॉलच्या उपांत्य सामन्यात डब्लिनचे ८ आणि डोनेगलचे ६ गुण झाले. गोल एकही नाही. हे आकडे शेजारी ठेवले की निकाल लागलाच, असे कोणासही वाटेल.

परंतु केवळ गुणसंख्येवर रंजकता मोजता येत नाही. त्याच २०११ सालचा फुटबॉलचा अंतिम सामना पाहा. अगदी अखेरीस डब्लिनचा गोलरक्षक स्टीफन क्लक्स्टन आपले ठाणे सोडून पुढे आला आणि त्याने फ्री किक दांडीवरून धाडली. १९९५ नंतर डब्लिनला विजेतेपद मिळाले, तेही अवघ्या एका गुणाने. त्याआधी १९८२ मध्ये लागोपाठ पाचव्या विजेतेपदाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या केरीला ऑफलीच्या शेमस डार्बीने शेवटच्या काही मिनिटांत केलेल्या गोलने रोखले. १८ विरुद्ध १७. जेथे गुण दुर्मिळ असतात, तेथे एकेका गुणाचे वजन वाढते. हर्लिंगमध्ये एक संधी हुकली तर दुसरी लगेच येते. फुटबॉलमध्ये हुकलेली संधी प्रेक्षकाच्या जिवाला लागून राहते.

मग २०११ चा तो उपांत्य सामना कंटाळवाणा का वाटला? माझ्या मते कारण गुणांत नाही, चेंडूच्या मालकीत आहे. बचाव करणारा संघ जवळजवळ सगळे खेळाडू आपल्या गोलपुढे गोळा करू लागला. चढाई करणारा संघ त्या भिंतीसमोर चेंडू मुठीने आडवा फिरवीत राहिला. चेंडू गमावण्याची भीती उरली नाही आणि भीतीबरोबर रंगतही गेली. हर्लिंगमध्ये अशी भिंत उभारणे अवघड असते. कारण कुशल खेळाडू ऐंशी मीटरांवरूनही चेंडू तिच्या डोक्यावरून खांबांमध्ये धाडू शकतो. शिवाय तेथे चेंडू क्षणभरही निर्धोकपणे कोणाचा नसतो.

फुटबॉलच्या धुरिणांनी हे ओळखले. डब्लिनचे माजी प्रशिक्षक जिम गॅव्हिन यांच्या समितीने सुचविल्याप्रमाणे २०२५ च्या हंगामात नवे नियम आले. गोलपासून ४० मीटरांवर कमान आखली गेली. तिच्या बाहेरून मारलेल्या किकला दोन गुण. प्रत्येक संघाने निदान तीन खेळाडू प्रतिपक्षाच्या अर्ध्या भागात ठेवलेच पाहिजेत. म्हणजे भिंतीत भगदाड पाडले गेले. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात केरीने डोनेगलला २९ विरुद्ध १९ असे हरविले.

यावर आक्षेप असा, की प्रेक्षकांच्या मर्जीसाठी खेळ बदलणे म्हणजे त्याचा तमाशा करणे होय. मला तो मान्य नाही. नियम बदलून चेंडू पुन्हा असुरक्षित केला गेला, एवढेच. जो खेळ गमावण्याची शक्यता राखतो, तो आपला स्वभावच राखतो. हर्लिंगवाल्यांनीही गाफील राहू नये. आखूड पास देत चेंडू राखून ठेवण्याची रीत त्यांच्याही खेळात शिरली आहे.

माझा कौल विचाराल, तर परक्या डोळ्यांना हर्लिंग अधिक रंजक आहे, हे मी निःसंकोच मान्य करीन. २०१८ मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. परंतु याच खेळाचे विजेतेपद किलकेनी, कॉर्क आणि टिपरेरी या तीन काउंट्यांत बव्हंशी वाटले गेले आहे. अल्स्टर प्रांतातील एकाही काउंटीला ते आजवर मिळालेले नाही. काठीवर हात बसायला बालपणापासून सराव लागतो. शिवाय २०१२ पासून आयर्लंडच्या ॲश वृक्षांना रोगाने ग्रासले असून काठीच्या लाकडाचीच चिंता निर्माण झाली आहे. फुटबॉल मात्र जवळजवळ प्रत्येक काउंटीत पोहोचला आहे. मेयो काउंटीने फुटबॉलचे विजेतेपद १९५१ मध्ये मिळविले, त्यानंतर कित्येक अंतिम सामने गमावले. तरी तिचे लोक मैदानाकडे पाठ फिरवीत नाहीत. त्यांना ‘अधिक रंजक कोणता?’ हे विचारण्यात अर्थ नाही. ज्यात आपले कोणी जिंकू वा हरू शकते, तोच खेळ माणसाला खरोखर खिळवून ठेवतो.