‘एम्’ : जुना बोलपट, आजच्या डोळ्यांनी
(मंडळाच्या चित्रपट-चर्चेत केलेले भाषण)



‘आलम आरा’ने आपल्या पडद्याला वाचा दिली ते साल १९३१. त्याच वर्षी बर्लिनमध्ये फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाचा पहिला बोलपट आला. नाव एकाच अक्षराचे, ‘एम्’. पटकथा त्याची व त्याची पत्नी थेआ फॉन हार्बू हिची. या थेआबाईंचे पुढे बेळगुंदीच्या अयी तेंडुलकरांशी नाते जुळले, तेव्हा त्या आपल्याला अगदीच परक्या नव्हेत.

लहान मुलींचा जीव घेणाऱ्या एका विकृत माणसाची ही कथा. पण पडद्यावर खून एकदाही दिसत नाही. आई पान मांडून एल्सीची वाट पाहते, जिन्याशी येऊन हाका मारते. मग रिकामा जिना, रिकामी थाळी, गवतात घरंगळलेला चेंडू, तारांत अडकलेला फुगा. बस्स! आईच्या काळजाला याहून अधिक काय सांगायला हवे? पुढे खुनी सापडतो तो त्याच्या शिळेवरून, आणि ती ओळखतो एक आंधळा फुगेवाला.

आज काही भाग लांबलेला वाटतो, हे खरे. पोलिसी तपास रेंगाळतो. मधेच आवाज अजिबात थांबतो, तेव्हा यंत्र बिघडले की काय असे वाटते.

परंतु एक प्रसंग पाहा. एक म्हातारा रस्त्यात एका मुलीशी दोन शब्द बोलतो, आणि लोक संशयाने त्याच्यावर तुटून पडतात. हे जुने म्हणावे कसे? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवण्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसे ठार मारली. अफवा मोबाइलवरून पसरली होती, एवढाच फरक.

शेवटी चोर-दरोडेखोरच खुन्याला पकडून त्याच्यावर खटला भरतात. पीटर लोर ओरडून सांगतो, की हे माझ्या हातचे नाही. त्याची कीव येते, रागही येतो. जमाव मरण मागतो, आणि क्षणभर आपणही त्या जमावात असतो. त्याच वेळी त्याचा वकील मात्र कायद्याचा आग्रह धरतो. १९३४ साली नाझी राजवटीने या बोलपटावर बंदी घातली.

अखेर काळ्या वस्त्रांतल्या आया दिसतात. शिक्षेने मुले परत येत नाहीत. त्यांना आधीच जपायला हवे, एवढेच त्या सांगतात. हे जपणे एकट्या आईचे नव्हे, साऱ्या आळीचे काम आहे. मात्र ते डोळे उघडे ठेवून करावे, हात उगारून नव्हे.