शपथेविना साक्ष

मैत्रिणींनो, पोटगीच्या अर्जासोबतचे प्रतिज्ञापत्र करताना गेल्या महिन्यात एकीने मला विचारले, “ताई, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यावी लागेल का?” सासरी तिला दर भांडणात तेच करावे लागे. मी म्हटले, नाही, ‘सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते’ एवढे पुरे.

शपथ न घेता दिलेला शब्द कोर्टाने मानावा, यासाठी इंग्लंडमधल्या क्वेकर पंथीयांनी तुरुंग भोगला. येशूने शपथ घेऊ नका म्हटले, हे एक कारण. दुसरे मला अधिक पटते: शपथेवर खरे बोलायचे, तर एरवी काय खोटे बोलायचे? सरकारला मात्र हा नकार सोयीचा पडला. दुसरा गुन्हा शाबीत होवो न होवो, राजनिष्ठेची शपथ पुढे करायची. नाही म्हटले की कैद. मार्गारेट फेल ही तर न्यायाधीशाची विधवा. घरी सभा भरवते म्हणून तिला पकडले, आणि शपथ नाकारली म्हणून १६६४ मध्ये लँकेस्टरला जन्मठेप व मालमत्तेची जप्ती सुनावली. १६६८ मध्ये ती सुटली. दरम्यान तुरुंगातूनच तिने स्त्रियांच्या धर्मसभेत बोलण्याच्या हक्कावर पुस्तिका लिहिली!

१६९६ च्या कायद्याने क्वेकरांना प्रतिज्ञेची मुभा दिली, पण फौजदारी खटल्यातली साक्ष वगळून. म्हणजे क्वेकर बाईवर कुणी हात टाकला, तरी शपथेवाचून तिची साक्ष घेतली जाणार नाही. हे १८२८ पर्यंत चालले.

आपल्याकडे १९६९ च्या शपथ कायद्यानुसार कुणाही साक्षीदाराला शपथेऐवजी प्रतिज्ञा करता येते. साक्षीला उभ्या राहणाऱ्या बाईला हे आधी सांगत जा. पिंजऱ्यात गेल्यावर तिला विचारायचे सुचत नाही.