सुधारगृहाच्या दारापलीकडे



एखादा अल्पवयीन मुलगा गंभीर गुन्ह्यात सापडला की समाजात दोन प्रतिक्रिया उमटतात. ‘कोवळे पोर आहे, चुकले’ ही एक आणि ‘वयाचे कौतुक पुरे झाले, कडक शिक्षा द्या’ ही दुसरी. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अमानुष प्रकरणानंतर दुसऱ्या प्रतिक्रियेला धार चढली. मे २०२४ मध्ये पुण्यात, कल्याणीनगर येथे भरधाव मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेला आणि तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर अल्पवयीन मुलाला जामीन मिळाला, तेव्हा तर संतापाचा कडेलोट झाला. तो संताप स्वाभाविक होता. ज्या घरातील कर्ता मुलगा गेला, त्या घराचे दुःख विसरून बालगुन्हेगारीची चर्चा करणे हा कोरडेपणाच ठरेल. परंतु संताप ओसरल्यावर एक प्रश्न उरतोच. आज कोठडीत गेलेला मुलगा उद्या बाहेर येणारच आहे. तो कोण होऊन बाहेर येणार?

कायदा काय म्हणतो?

मुलांच्या गुन्ह्यांकडे वेगळ्या दृष्टीने पाहण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. मुंबई इलाख्यात बालकांसाठी स्वतंत्र कायदा १९२४ साली झाला. संपूर्ण देशासाठी बाल न्याय कायदा १९८६ मध्ये आला. २००० च्या कायद्याने मुलांसाठीची वयोमर्यादा सोळावरून अठरा वर्षांवर नेली. दिल्लीच्या घटनेनंतर २०१५ चा कायदा संमत झाला आणि १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला. सोळा ते अठरा वयोगटातील मुलाने अतिगंभीर गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर त्याच्या समजशक्तीची प्राथमिक तपासणी करून त्याचे प्रकरण प्रौढाप्रमाणे चालवण्याचा मार्ग या कायद्याने खुला केला. म्हणजे ‘अठरा वर्षांखालील सारे मोकळे सुटतात’ ही समजूत आज खरी नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात अल्पवयीनांविरुद्ध ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले. पकडल्या गेलेल्या मुलांपैकी पाचात सुमारे चार जण सोळा ते अठरा या वयातील होते. आणखी एक गोष्ट या अहवालांतून वर्षानुवर्षे दिसते. ही मुले बहुसंख्येने अनाथ वा बेघर नसतात. ती आईवडिलांजवळच राहणारी असतात. छप्पर आहे, पण घराचे लक्ष नाही, अशी ही अवस्था आहे. मध्यमवर्गीय कुटुंबांनीही ही गोष्ट दूरची समजू नये.

आत काय घडते?

चौकशी चालू असताना मुलाला ठेवले जाते ते निरीक्षणगृह. दोष सिद्ध झाल्यावर जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत ठेवता येते ते विशेषगृह. पहिल्यांदाच मोबाईल चोरून आलेला मुलगा आणि टोळीत मुरलेला मुलगा एका खोलीत येऊ नयेत, म्हणून वय, मनःस्थिती आणि गुन्ह्याचे स्वरूप पाहून मुलांची विभागणी करावी, असे कायदा सांगतो. जागा आणि माणसे अपुरी असली की ही विभागणी कागदावर राहते. मग जे व्हायचे तेच होते. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही आपल्याकडची म्हण शेतकऱ्याच्या अनुभवातून आली आहे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील आठ हजारांहून अधिक बालगुन्हेगारांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानेही जवळजवळ हेच सांगितले. घरफोडी केलेला मुलगा घरफोड्यांच्याच संगतीत राहिला, तर सुटल्यावर पुन्हा घरफोडी करण्याची शक्यता वाढते. जुना गुण संगतीने पक्का होतो.

दुसरा शत्रू म्हणजे रिकामपण. पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत चौकशी संपवावी, अशी कायद्याची अपेक्षा आहे. ती लांबली की शाळा सुटलेली असते, हाताला काम नसते, उद्याचा पत्ता नसतो. शिकागो शहरातील मुलांविषयीच्या २०१५ च्या एका अभ्यासात आढळले, की सारख्याच प्रकरणांत कडक न्यायाधीशापुढे गेल्यामुळे कोठडीत गेलेली मुले शाळा पूर्ण करण्यात मागे पडली आणि मोठेपणी तुरुंगात जाण्याचे त्यांचे प्रमाण वाढले. शाळेचा धागा तुटला, की मुलाला सभ्य जगाशी बांधणारा दोरच तुटतो.

मग केवळ भीती घालून भागेल का? मुलांना तुरुंग दाखवून, कैद्यांकडून दरडावून घेण्याचे प्रयोग अमेरिकेत झाले. त्यांचे मूल्यमापन झाले तेव्हा अशा मुलांमध्ये गुन्हे कमी होण्याऐवजी वाढलेच, असे दिसले. दरारा ओसरतो, सवय उरते.

शिक्का आणि टोळी

तिसरे कारण आपल्या समाजाने इतिहासात फार जवळून पाहिले आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पारध्यासारख्या जमातींत जन्मलेल्या बाळाच्या कपाळावर चोरीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण शिक्का पुसायला पिढ्या लागल्या. चोरी कुठेही होवो, पोलीस आधी पारध्याच्या पालावर. अशा मुलांसाठी तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीचा प्रकल्प उभा राहिला. गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे या मुलांच्या हाती पाटी दिली. त्यांना चोर म्हणून न पाहता विद्यार्थी म्हणून पाहिले, एवढाच त्या कामाचा पाया.

सुधारगृहातून आलेल्या मुलाचेही तसेच असते. या नोंदीमुळे त्याला कोणतीही अपात्रता येऊ नये, अशी तरतूद कायद्यात आहे. त्याचे नाव-गाव छापण्यास मनाई आहे. पण गल्लीला कायदा कोण वाचून दाखवणार? शाळा दाखला देऊन मोकळी होते, कारखानदार ‘नंतर ये’ म्हणतो, शेजारी मुलांना आत बोलावतात. त्या दिवशी त्याच्या खांद्यावर हात ठेवणारा एकच असतो, तो म्हणजे वस्तीतला ‘भाई’. जामिनाची धावपळ त्यानेच केलेली असते, घरी चार पैसेही त्यानेच पोचवलेले असतात. हे उपकार फेडण्याची एकच रीत त्या मुलाला ठाऊक असते. मुलांना गुन्ह्यासाठी वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड, अशी तरतूद २०१५ च्या कायद्यात आहे. हातात कोयता घेतलेल्या पोराची छायाचित्रे चर्चेत येतात; तो कोयता देणाऱ्या हाताची चर्चा मात्र क्वचितच होते.

काय करता येईल?

दिलासा देणारी गोष्ट अशी, की बहुतेक मुले वयाबरोबर गुन्ह्यापासून दूर जातात. बॉस्टनमधील पाचशे बालगुन्हेगारांचा पुढे अनेक वर्षे मागोवा घेतला गेला. स्थिर नोकरी आणि सुखाचा संसार मिळालेली माणसे मार्गावर आली, असे त्यातून दिसले. आपल्याकडे हे वेगळ्या शब्दांत सांगायची गरज नाही. औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या खुल्या वसाहतीने विश्वास आणि शेतीचे काम यांच्या बळावर कैदी माणसात आणता येतो, हे स्वातंत्र्यापूर्वीच दाखवले. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ त्याच प्रयोगावरून सुचला. ते कैदी प्रौढ होते. सोळा वर्षांच्या मुलाबाबत आशा सोडण्याचे मग कारणच काय?

सुटलेल्या मुलाला एकवीस वर्षांपर्यंत अनुरक्षणाचा, म्हणजे राहणे, शिक्षण व रोजगार यांसाठीच्या साहाय्याचा आधार कायद्याने देऊ केला आहे. बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्यांबरोबर दोन समाजकार्यकर्ते असतात. त्यांपैकी एक महिला असावीच लागते. मुलांच्या आरोग्य, शिक्षण वा कल्याणाच्या कामात सात वर्षे घालवलेली व्यक्ती त्यासाठी अर्ज करू शकते. असे अनुभवी कार्यकर्ते गावोगावी आहेत. त्यांनी या जबाबदारीकडे पाठ फिरवू नये. ज्यांचा कारखाना, गॅरेज वा दुकान आहे, त्यांनी एका मुलाला काम शिकवावे. शिक्षकांनी दाखला हाती देण्याऐवजी बाकावर जागा द्यावी. कुटुंबांनी वस्तीतल्या अशा एका घराशी सणावाराला तरी जाणे-येणे ठेवावे.

यात भाबडेपणा नको. काही मुले पुन्हा चुकतील, काहींना दीर्घकाळ बंदोबस्तात ठेवावे लागेल आणि पीडितांना न्याय मिळालाच पाहिजे. पण सुटून आलेला मुलगा पुन्हा गुन्ह्याकडे वळला, तर त्याचा पुढचा बळी आपल्याच गल्लीतला असतो. म्हणून त्या मुलाला सावरणे हे त्याच्यावरचे उपकार नव्हेत. ते समाजाचे स्वसंरक्षण आहे. वाटमाऱ्या वाल्याचा वाल्मीकी झाला, तो वाटेत नारद भेटले म्हणून. सुधारगृहाच्या दारापलीकडे आज भाई उभा असतो. तेथे त्याच्या आधी जाऊन उभे राहणे, एवढे तरी समाजाने करावे.