चावडी आणि चौकातील तरुण

लोकशाही म्हणजे मतांची मोजदाद, अशी एक सोयीस्कर समजूत सर्वत्र रूढ झालेली आहे. वस्तुतः मतमोजणीचा प्रसंग काही वर्षांतून एकदा येतो. परंतु ज्यांच्या हाती निर्णय असतो ते, आणि त्या निर्णयाचे बरेवाईट फळ ज्यांना भोगावे लागते ते, यांची गाठ रोजच पडत असते. या दोघांत बोलणे चालू आहे की बंद आहे, यावरून गावची लोकशाही ओळखावी.

इंदापूर तालुक्यातील बावडा हे नीरेच्या खोऱ्यातील नांदते गाव. १९७२ साली, महाराष्ट्र दुष्काळाने होरपळत असताना, या गावातील दलित वस्तीवर सामाजिक बहिष्कार पडला. गावच्या एका वजनदार घराण्यातील गृहस्थ त्या वेळी राज्याच्या मंत्रिमंडळात असल्यामुळे ही वार्ता गावच्या शिवेपुरती राहिली नाही.

बहिष्कार हा शब्द उच्चारावयास सोपा. त्याची रीत मात्र मोठी कठोर आहे. त्यात काठी उगारली जात नाही की रक्त सांडत नाही. शेतावरचे काम बंद होते, वाण्याचे दुकान बंद होते, शेवटी बोलणेही बंद होते. कोणी काही केले, तर फिर्याद करता येते. कोणी काहीच करीत नाही, ही फिर्याद कोणी लिहून घ्यावी? १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने, आपला हक्क बजावणाऱ्यावर घातलेला बहिष्कार गुन्हा ठरविला होता खरा. परंतु ज्याची भाकरी गावकीच्या हाती, त्याने साक्षीदार कोठून आणावयाचे? मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने १९३० च्या अहवालात हेच दाखवून दिले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या समितीचे एक सभासद होते. दलितांपाशी जमीन नाही, म्हणून बहिष्काराचे शस्त्र त्यांच्यावर अचूक लागू पडते, असा त्या विवेचनाचा इत्यर्थ होता. चाळीस वर्षांनंतरही ते शस्त्र बोथट झालेले नव्हते.

बावड्याचा बहिष्कार आणि परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगाव येथे झालेली स्त्रियांची विटंबना, या दोन वार्तांनी मुंबईतील तरुण पेटून उठले. नामदेव ढसाळ हे कामाठीपुऱ्याच्या वस्तीत वाढलेले आणि टॅक्सी चालविणारे कवी, ज. वि. पवार व राजा ढाले हेही लेखक. चाळींतून आणि चौकांतून वाढलेल्या या पिढीने १९७२ मध्ये दलित पँथर ही संघटना उभारली. त्या काळी मताधिकाराचे वय २१ होते. म्हणजे या तरुणांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या पोरांपैकी कित्येकांना मतपेटीपाशी जाण्याचीही मुभा नव्हती. त्यांना बोलावयाचे होते, परंतु बोलावयास जागा एकच उरली होती, ती म्हणजे रस्ता.

येथे एक प्रामाणिक शंका उपस्थित होते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनीच बजावले होते की, सनदशीर मार्ग मोकळे असताना सत्याग्रह व असहकार यांसारखे मार्ग सोडून दिले पाहिजेत. मग त्यांचेच अनुयायी रस्त्यावर का उतरले? या शंकेचे उत्तर त्या इशाऱ्यातच आहे. मार्ग मोकळे असताना, अशी त्यात अट आहे. आणि ती अट पाळण्याची पहिली जबाबदारी दार ज्याच्या हाती आहे त्याची असते, दार ठोठावणाऱ्याची नव्हे. जानेवारी १९७४ मध्ये मध्य मुंबईतील पोटनिवडणुकीच्या वेळी पँथरने मतदानावरच बहिष्काराची हाक दिली आणि ५ जानेवारीस वरळीच्या सभेनंतर दंगल उसळली. ज्यांच्यावर गावाने बहिष्कार घातला, त्यांच्या मुलांनी अखेर मतपेटीवर बहिष्कार घालावा, याहून मोठे अपयश लोकशाहीचे कोणते? पुढे मतभेदांमुळे ती संघटनाही फुटली; परंतु तिने विचारलेला प्रश्न मागे उरला.

त्यानंतर कायद्याने पुष्कळ वाट करून दिली. १९८९ मध्ये मताधिकाराचे वय १८ झाले. त्याच वर्षी अत्याचार प्रतिबंधक कायदा संमत झाला. १९९३ पासून त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला संविधानात स्थान मिळाले आणि पंचायतीत अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळाल्या. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदाही २०१७ पासून अमलात आहे. आज अठरा वर्षांचा कोणताही मतदार, मग तो वेशीच्या आत राहो वा बाहेर, ग्रामसभेत उभा राहून सरपंचास हिशेब विचारू शकतो.

परंतु कायदा दार उघडतो. आत बसावयास घोंगडी घालणे हे माणसांचे काम आहे. ग्रामसभेत वडीलधाऱ्यांनी बोलावे आणि तरुणांनी भिंतीशी उभे राहावे, ही जुनी रीत राहिली, तर सभेचे इतिवृत्त भरेल, पण संवाद होणार नाही. ज्याच्या प्रश्नाने अडचण होते, त्यालाच प्रथम बोलू द्यावे, त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत नोंदवावे आणि पुढील सभेत त्याला उत्तर द्यावे, एवढा शिरस्ता जरी पाळला, तरी पुष्कळ साधेल. चावडीने कान दिला, तर चौकाला ओरडावे लागत नाही.