बेणे राखले तर पीक



बेण्याचा ऊस कोणी गाळपाला घालतो काय? आपल्या अकलूजचा शेतकरी तसे करणार नाही. उजनीच्या पाण्यात बारीक आसाची वडाप जाळी मात्र नेमके तेच करतात.

भीमेवरचे हे धरण १९८० साली पुरे झाले. कटला, रोहू हे मासे पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात. साचल्या पाण्यात सहसा नाही. म्हणून धरणात बोटुकली सोडावी लागते. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधरी यांनी पीयूषग्रंथीचा अर्क टोचून रोहूसारख्या माशांचे बीज मिळवले, तेव्हा ही वाट मोकळी झाली. पण सोडलेले बीज वाढण्याआधीच उपसले, तर सोडून काय उपयोग?

बंदी घाला म्हणणे सोपे आहे. जून-जुलैत समुद्रात यांत्रिक नौकांना बंदी असतेच. पण त्या दिवसांत मच्छीमाराची चूल कशी पेटावी? भुकेला माणूस बेणेही खातो. तेव्हा मोठ्या आसाचे जाळे, बंदीत निर्वाहभत्ता आणि नियम ठरवताना मच्छीमारांचा आवाज, या तिन्ही गोष्टी एकत्रच मागितल्या पाहिजेत. आणि बाजारात बोटभर मासा दिसला, तर गिऱ्हाइकानेही हात आवरावा. लहान मासळीला गिऱ्हाईक आहे, म्हणूनच वडाप पाण्यात पडते.