घरच्या घरी व्हॉल्व्हचा प्रीअँप्लिफायर

कळंब परिसरातल्या हौशी मंडळींनो, जुन्या रेडिओत तांबूस उजळणारे व्हॉल्व्ह आठवतात ना? त्यातला ईसीसी ८३ आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही बनवला. त्यात दोन ट्रायोड असतात. साध्या प्रीअँप्लिफायरला एक पुरतो.

अॅनोडला १०० किलोओहमचा रेझिस्टर, कॅथोडला दीड किलोओहमचा, ग्रिडपासून ग्राउंडला एक मेगाओहमचा. पुरवठा २५० व्होल्ट डीसी, फिलामेंटला ६.३. जोडणी बरोबर असेल तर मीटरवर कॅथोडला साधारण दीड व्होल्ट दिसतो, अॅनोडला दीडशेच्या आसपास. आउटपुट कपॅसिटरमधूनच घ्या, नाहीतर अॅनोडचा डीसी थेट पुढच्या यंत्रात शिरेल.

गुणगुण आली तर फिलामेंटच्या तारांना पीळ देऊन त्या चॅसीलगत न्या, ट्रान्सफॉर्मर इनपुटपासून लांब बसवा. तो ट्रान्सफॉर्मर मात्र हवाच. भिंतीतल्या विजेवरून थेट पुरवठा कधीच घेऊ नका.

आणि हे कळकळीनं सांगतो: प्लग काढला तरी फिल्टर कपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज उरतो. त्यावर २२० किलोओहम, दोन वॅटचा रेझिस्टर कायमचा जोडा. मीटरवर शून्य दिसल्याशिवाय आत हात घालू नका, आणि पहिल्यांदाच करत असाल तर एखाद्या जाणत्या मेकॅनिकला शेजारी बसवा.