चौकीची पायरी

पोलिसांचं नाव काढलं की वस्तीतली म्हातारी माणसं म्हणतात, "चौकीची पायरी नको रे बाबा." मला नवल वाटत नाही. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राखीव पोलिसांच्या गोळीबारात आपली १० माणसं गेली. पण चोरी झाली, पोरीला कुणी छेडलं, तर जायचं कुठं? माझी सायकल गेली तेव्हा हवालदार "बघू" म्हणाले नि मी गप घरी आलो. कागद मागितलाच नाही.

१ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात, कलम १७३ प्रमाणे, दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. प्रत फुकट मिळते. घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालानं लेखी पाठवा, पावती जपा. लिहिता येत नसेल तर रविवारी विहारात या, मी लिहून देतो.